सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव : पर्वत, पदयात्रा आणि परिवर्तन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या यात्रापरंपरेचा विचार करताना पंढरीच्या वारीकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले जाते आणि ते स्वाभाविकही आहे. इरावती कर्वे यांच्यापासून अनेक विद्वानांनी वारीच्या सामाजिक स्वरूपाची चिकित्सा केलेली आहे. तथापि वारीच्या समांतर अशी देवीयात्रांची एक स्वतंत्र आणि तितकीच व्यापक परंपरा महाराष्ट्रात नांदत आली आहे. वारीचे लक्ष्य नदीकाठचे, सपाटीवरचे क्षेत्र आहे. देवीयात्रेचे लक्ष्य पुष्कळदा डोंगरावर असते. सप्तशृंग, माहूर, मांढरदेव, एकवीरा ही स्थाने याची साक्ष देतात. डोंगर चढणे हा या यात्रांमधील उपासनेचाच भाग असतो.

नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर चैत्र शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत भरणारा चैत्रोत्सव हे या परंपरेचे एक ठळक उदाहरण होय. या उत्सवाचे भौगोलिक अधिष्ठान, त्यामागील पुराणकथा, त्यातील आचार आणि गेल्या काही दशकांत त्यात झालेले बदल यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. वाढत्या गर्दीच्या काळात पर्वतीय देवस्थानाची यात्रा सुरक्षित आणि तरीही अर्थपूर्ण कशी राहील, हा प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

१. भौगोलिक अधिष्ठान

सप्तशृंगगड सह्याद्रीच्या सातमाळा रांगेत, कळवण तालुक्यात, नाशिक शहरापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर आहे. लोकव्यवहारात या देवीला ‘वणीची देवी’ म्हटले जाते. मात्र वणी हे गाव शेजारच्या दिंडोरी तालुक्यात मोडते. पायथ्याचे गाव नांदुरी होय. परिसरातील सात शिखरांवरून गडास सप्तशृंग हे नाव पडले, असे मानले जाते.

गडाची रचना लक्षात घेतल्याशिवाय यात्रेचे स्वरूप नीट उमगत नाही. ही रचना चार टप्प्यांची आहे. पहिला टप्पा नांदुरीचा. तेथून घाट चढून गेल्यावर विस्तृत पठार लागते. त्यावर गाव, धर्मशाळा, दुकाने, शिवालय तीर्थ आणि अन्य कुंडे आहेत. हा दुसरा टप्पा. पठारावरून कातळकड्याच्या दिशेने सुमारे पाचशे पायऱ्या चढल्यावर देवीचे मंदिर येते. हा तिसरा टप्पा. मंदिराच्या वर उभा कातळ असून त्याच्या माथ्यावर शिखर आहे, आणि ते सर्वसामान्य भाविकांच्या आवाक्याबाहेर आहे. हा चौथा टप्पा. म्हणजेच देवीचे स्थान पर्वताच्या माथ्यावर नसून माथ्याच्या खाली, कड्याच्या कुशीत आहे. भाविक देवीपर्यंत पोहोचतो, परंतु पर्वताच्या अंतिम बिंदूपर्यंत पोहोचत नाही. या वस्तुस्थितीचे आचारविधींवर झालेले परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

पठारावरून मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्या सरदार खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई दाभाडे यांनी इ. स. १७१० च्या सुमारास बांधविल्याचे सांगितले जाते. पुढे मराठ्यांच्या सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या या स्त्रीचे नाव एका शक्तिस्थानाच्या पायऱ्यांशी जोडलेले असावे, हे सूचक आहे. देवस्थानाची वाट बांधून देणे हे मराठेशाहीतील सरदार घराण्यांचे पुण्यकृत्य तर होतेच. त्याचबरोबर प्रदेशाशी आपले नाते जाहीर करण्याचे ते एक साधनही होते.

२. मूर्ती आणि पुराणकथा

देवीची मूर्ती स्वयंभू मानली जाते. ती कातळातच कोरलेली असून तिची उंची सुमारे आठ फूट आहे. अठरा हातांत विविध आयुधे धारण करणारे हे महिषासुरमर्दिनीचे रूप आहे. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, म्हणजेच सातशे श्लोकांची दुर्गासप्तशती, या क्षेत्राच्या कथेचा आधार आहे. सप्तशतीचे तेरा अध्याय तीन चरित्रांत विभागलेले असून त्यांपैकी मध्यम चरित्रात महिषासुराच्या वधाचा वृत्तान्त येतो. या चरित्राची अधिष्ठात्री महालक्ष्मी असून तिचे ध्यान अष्टादशभुजा रूपात करण्यास सांगितले आहे. सप्तशृंगीची अठरा हातांची मूर्ती या ध्यानाशी जुळते. त्यामुळे लोकदैवत आणि ग्रंथोक्त देवता या दोन प्रवाहांचा संगम येथे सहजपणे झालेला दिसतो.

या संगमाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे समोरच्या डोंगराची कथा. गडासमोर मार्कंडेय नावाचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी त्या डोंगरावरून देवीला सप्तशती ऐकवीत आणि देवी मान किंचित कलती करून ती ऐके, अशी श्रद्धा आहे. मूर्तीची मान कललेली असण्याचे कारण म्हणून ही कथा सांगितली जाते. दोन डोंगरांमधील दरीचे रूपांतर वक्ता आणि श्रोता यांच्यातील अंतरात करणारी ही कल्पना भूगोलाला पुराणाचा अर्थ देते. त्याचप्रमाणे पायऱ्यांच्या प्रारंभी महिषासुराच्या मस्तकाचे पूजन होते आणि डोंगरातील आरपार छिद्र देवीच्या त्रिशूळाच्या प्रहाराने पडले, असे मानले जाते. यात्रेकरू पुराणकथा ऐकत नाही, तर तिच्यातून चालत जातो, असे म्हणता येईल.

नाथसंप्रदायाच्या परंपरेतही या स्थानाला महत्त्व आहे. ‘नवनाथ भक्तिसार’ या लोकप्रिय ग्रंथात मच्छिंद्रनाथांनी सप्तशृंगी देवीच्या कृपेने शाबरी विद्या प्राप्त केल्याची कथा येते. अशा रीतीने शाक्त, नाथ आणि ग्रामीण लोकधर्म या तिन्ही धारा गडावर एकत्र आलेल्या आहेत.

३. ‘अर्धे’ पीठ : अपूर्णतेचा अर्थ

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण, तर सप्तशृंग हे अर्धे पीठ गणले जाते. ‘अर्धे’ या विशेषणाने या क्षेत्राला गौणत्व येते, असा समज होणे शक्य आहे. परंतु परंपरेने लावलेला अर्थ याच्या उलट आहे. ॐकारातील अकार, उकार आणि मकार या तीन मात्रांशी पहिली तीन पीठे जोडली जातात आणि त्यांना पूर्णत्व देणाऱ्या अर्धमात्रेशी सप्तशृंगाचा संबंध जोडला जातो. त्या दृष्टीने अर्धमात्रा ही उणीव ठरत नाही, तर उच्चाराच्या पलीकडे जाणारा अंश ठरते.

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रविषयक ग्रंथात तीर्थक्षेत्रांचे परस्परसंबंध लोकमानसात ‘प्रदेश’ ही जाणीव कशी निर्माण करतात, याचे विवेचन केले आहे. साडेतीन पीठांची गणना हे याच प्रक्रियेचे उदाहरण होय. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भाच्या सीमेवरील माहूर आणि उत्तर महाराष्ट्र असे चार भूभाग एका संख्येत गुंफले जातात. राजकीय सीमा बदलत राहिल्या, तरी ही धार्मिक गणना महाराष्ट्राचा एक नकाशा भाविकांच्या मनात जपत राहिली.

४. चैत्रोत्सवाचे स्वरूप

गडावर वर्षातून दोन मोठे उत्सव होतात : आश्विनातील नवरात्र आणि चैत्रातील यात्रा. नवरात्र सर्व देवीस्थानांना समान आहे. चैत्रोत्सव मात्र या गडाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. रामनवमीस प्रारंभ होऊन चैत्र पौर्णिमेस त्याची सांगता होते. या काळात खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून, हजारो भाविक पायी निघतात. नाशिक जिल्ह्यातील कसमादे पट्टा, तसेच गुजरात आणि मध्य प्रदेशाचा सीमाभाग येथूनही यात्रेकरू येतात.

काळाची निवड कृषिजीवनाशी निगडित आहे. रब्बीचे पीक हाती आलेले असते, खरिपाच्या पेरणीस अवकाश असतो आणि घरातील मंगलकार्यांचा हंगाम सुरू होत असतो. अनेक कुटुंबांची ही कुलदेवता असल्याने विवाहापूर्वी वा विवाहानंतर तिचे दर्शन घेणे, जावळ काढणे, नवस फेडणे ही कर्तव्ये याच काळात उरकली जातात. उन्हाचा ताप टाळण्यासाठी पदयात्री पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी मुक्काम करतात. वाटेवरच्या गावांत पाणी, ताक, भोजन यांची सोय स्थानिक मंडळी करतात. गावोगावच्या पालख्या, झेंडे, डफ आणि अहिराणी गीते यांनी हे मार्ग दुमदुमून जातात.

खानदेशी भाविकांचे देवीशी असलेले नाते केवळ भक्त आणि देवता असे नाही. खानदेश हे देवीचे माहेर, अशी भावना तेथील लोकमानसात आहे. माहेरची माणसे लेकीच्या भेटीस जातात, ही या पदयात्रेमागील भावना होय. कुलदेवतेला ‘आई’ म्हणणारा भाविक तिलाच माहेरवाशीणही मानतो. या दोन नात्यांत त्याला विसंगती जाणवत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी आपलेपणाचा हक्क आहे. साडी, खण, नारळ आणि बांगड्या ही ओटी या नात्याचेच दृश्य रूप होय.

व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेच्या काळात दैनंदिन सामाजिक उतरंड काही अंशी शिथिल होऊन सहयात्रींमध्ये समभाव निर्माण होतो, असा सिद्धान्त मांडला. सप्तशृंगाच्या पदयात्रेत याचा काही प्रत्यय येतो. अनवाणी चालणारा शेतकरी, व्यापारी, नोकरदार आणि शेतमजूर एकाच झाडाखाली विसावतात. तथापि हा समभाव संपूर्ण नसतो. गावनिहाय, भाऊबंदनिहाय गट टिकून राहतात आणि मानपानाचे परंपरागत हक्कही अबाधित असतात. यात्रा उतरंड पुसून टाकत नाही. काही दिवसांपुरती तिची धार बोथट करते, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

५. शिखरावरील ध्वज

चैत्रोत्सवातील सर्वाधिक औत्सुक्याचा विधी म्हणजे कीर्तिध्वजाचे आरोहण. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री, तसेच नवरात्रात नवमीच्या रात्री, शिखरावर नवा ध्वज फडकविला जातो. हा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. ध्वजाचे विधिवत पूजन होते, मिरवणूक निघते आणि त्यानंतर ध्वजवाहक अंधारात, उभ्या कड्याच्या अवघड वाटेने शिखराकडे प्रयाण करतो. पहाटे शिखरावर फडकणारा ध्वज दिसताच भाविक जयजयकार करतात. अनेक पदयात्री या ध्वजाच्या दर्शनानंतरच परतीच्या वाटेला लागतात.

वर वर्णन केलेल्या चार टप्प्यांच्या रचनेत या विधीचा अर्थ स्पष्ट होतो. लाखोंना अगम्य असलेला चौथा टप्पा सर्वांच्या वतीने एक मनुष्य चढून जातो. शिखर सर्वांसाठी खुले झाले असते, तर ध्वजाला हे प्रतिनिधित्व लाभले नसते. पर्वताचा माथा अस्पर्श ठेवणे आणि तरीही त्याच्याशी दरवर्षी संबंध जोडणे, असा दुहेरी संयम या विधीत आहे. पर्वत जिंकावयाचा नसतो, ही जाणीव त्यातून पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होत आली आहे.

कोजागरी पौर्णिमेस गडावर येणाऱ्या कावडी हा याच परंपरेचा आणखी एक पैलू होय. गोदावरी, तापी, नर्मदा आदी नद्यांचे जल कावडीतून पायी आणून देवीला अभिषेक केला जातो. त्याच दिवशी तृतीयपंथी भाविकही मोठ्या संख्येने गडावर एकत्र येतात व त्यांची मिरवणूक निघते. एरवी समाजाच्या कडेला असलेल्या घटकाला देवीच्या उत्सवात मिळणारे हे सार्वजनिक स्थान अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावे असे आहे.

६. परिवर्तनाच्या खुणा

परंपरा स्थिर असते, हा समज सप्तशृंगाच्या उदाहरणाने दूर होतो. पूर्वी नांदुरीपासून रडतोंडीच्या घाटाने पायी चढून जावे लागे; वाटेचे नावच तिच्या कष्टांची साक्ष देते. मोटाररस्ता झाल्यावर पठारापर्यंतचा टप्पा वाहनाने पार करता येऊ लागला. २०१८ मध्ये पठारावरून मंदिरापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांचा टप्पाही ऐच्छिक बनला. वृद्ध, अपंग आणि आजारी भाविकांना त्यामुळे दर्शन सुलभ झाले, हे निर्विवाद होय.

आचारांच्या बाबतीतही बदल घडले. दसऱ्याच्या दिवशी बोकडबळी देण्याची प्रथा गडावर होती. २०१६ मध्ये या विधीच्या प्रसंगी मानवंदनेसाठी केलेल्या गोळीबारात अपघात होऊन काही जण जखमी झाले. त्यानंतर २०१७ मध्ये प्रशासनाने या प्रथेवर बंदी घातली. स्थानिक आदिवासी संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. या प्रकरणात सुरक्षितता, प्राणिदया आणि आदिवासी समाजाचा परंपरागत हक्क ही तीन मूल्ये परस्परांसमोर उभी राहिली. त्यांपैकी एकाच मूल्याच्या आधारे निर्णय देणे सोपे होते. न्यायालयाने अटींचा मार्ग स्वीकारला.

त्याच वर्षी मूर्तीच्या संवर्धनाचे कार्य हाती घेण्यात आले. वर्षानुवर्षे चढत गेलेला शेंदराचा जाड थर काढण्यात आला आणि मूर्तीचे मूळ रूप समोर आले. मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद होते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी घटस्थापनेस ते पुन्हा खुले झाले. पिढ्यांनी पाहिलेले रूप आणि त्याखालचे प्राचीन रूप यांतील कोणते ‘खरे’, असा प्रश्न त्यानिमित्ताने अनेकांच्या मनात उद्‌भवला. शेंदराचा थर हाही भक्तीचा इतिहासच होता; परंतु त्याच्या भाराने मूळ शिल्पास धोका निर्माण होत असेल, तर तो उतरविणे हेही भक्तीचेच कार्य ठरते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे चैत्रयात्रा भरू शकली नाही. यात्रेच्या इतिहासातील हा खंड या दृष्टीनेही उल्लेखनीय आहे की, २०२२ मध्ये पदयात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्या संघटनेसाठी कोणत्याही मध्यवर्ती यंत्रणेची गरज भासली नाही. गावोगावच्या मंडळांनी ती पूर्ववत उभी केली.

७. गर्दी आणि सुरक्षितता

पर्वतीय देवस्थानांची यात्रा हा आता श्रद्धेइतकाच सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय बनला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दाटीवाटीने थाटलेली दुकाने आणि नंतर लागलेली आग यांनी त्या आपत्तीची तीव्रता वाढविली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर आयोग नेमण्यात आला. ऑगस्ट २००८ मध्ये हिमाचल प्रदेशातील नैनादेवी येथे, सप्टेंबर २००८ मध्ये जोधपूरच्या चामुंडा मंदिरात आणि १ जानेवारी २०२२ रोजी वैष्णोदेवी येथे अशाच दुर्घटना घडल्या. स्थळे भिन्न, परंतु रचना समान : उंचावरील देवीस्थान, अरुंद वाट आणि विशिष्ट मुहूर्तावर एकवटलेली गर्दी.

या रचनेचे गणित साधे आहे. उदाहरणादाखल, गाभाऱ्यासमोरून दर मिनिटाला ६० भाविक पुढे सरकतात, असे गृहीत धरू. तासाला ३,६०० आणि दर्शन वीस तास खुले ठेवल्यास ७२,००० भाविकांचे दर्शन होईल. त्या दिवशी दीड लाख भाविक आले, तर ७८,००० भाविक रांगेत शिल्लक राहतील. रस्ता रुंद करून किंवा वाहने वाढवून ही संख्या घटत नाही, उलट वाढते. कारण गाभाऱ्याची क्षमता तीच राहते आणि पठारावर पोहोचण्याचा वेग मात्र वाढतो.

पायी यात्रेत एक नैसर्गिक नियमन होते. प्रत्येकाच्या चालण्याचा वेग वेगळा असल्याने भाविक विखुरलेल्या क्रमाने गडावर पोहोचत. वाहतुकीच्या सोयींमुळे ते एका वेळी मोठ्या संख्येने येतात. म्हणूनच चैत्रोत्सवात खासगी वाहने पायथ्याशी थांबवून नांदुरीहून राज्य परिवहनाच्या बसने भाविकांना वर नेण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. ती गैरसोय वाटली, तरी जुन्या घाटवाटेने जे नियमन आपोआप केले, तेच ती हेतुपूर्वक करते. घाटरस्त्यावरील वाहन अपघातांचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून झालेला भीषण अपघात आणि जुलै २०२३ मधील बस अपघात यांनी घाटातील प्रत्येक वळणावरील दक्षतेची आवश्यकता अधोरेखित केली.

यावरून काही निष्कर्ष निघतात. चढण्याची आणि उतरण्याची वाट भिन्न ठेवणे, पायऱ्यांवर नारळ फोडण्यास व दुकाने मांडण्यास मज्जाव करणे, पठारावरील संख्येनुसार पायथ्याशी प्रवेश थांबविणे आणि ध्वजारोहणानंतर एकदम होणारे परतीचे प्रयाण टप्प्याटप्प्याने घडविणे, हे उपाय कोणत्याही श्रद्धेस बाधा आणत नाहीत. पदयात्रेच्या मार्गांवर सावली, पाणी आणि रात्रीच्या वाहतुकीपासून संरक्षण देणे तितकेच निकडीचे आहे. कारण महामार्गाच्या कडेने अंधारात चालणारा यात्रेकरू गडावरील रांगेतल्या भाविकापेक्षा कमी असुरक्षित नसतो. पठारावरील पाणी मर्यादित असल्याने घनकचरा आणि सांडपाण्याचे व्यवस्थापन हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न उरत नाही. खडकावर साचलेली घाण खालच्या गावांच्या झऱ्यांपर्यंत पोहोचू शकते.

समारोप

सप्तशृंगाच्या चैत्रोत्सवात पुराणकथा, कुलाचार, प्रादेशिक अस्मिता आणि कृषिजीवन हे धागे एकमेकांत विणले गेले आहेत. सोयींनी यात्रा अधिक समावेशक केली, ही इष्ट गोष्ट होय. परंतु सोय आणि क्षमता यांचा मेळ बसला नाही, तर तीच सोय संकटाचे कारण ठरू शकते, हे मांढरदेवच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

या प्रश्नाचे एक सूत्र गडाच्या परंपरेतच उपलब्ध आहे. शिखर सर्वांना खुले नाही, म्हणून कोणाही भाविकाला आपली यात्रा अपुरी वाटत नाही. एकाने सर्वांच्या वतीने ध्वज लावला की ती पूर्ण होते. मर्यादेचा स्वीकार हा श्रद्धेचा भाग असू शकतो, हे भाविकांनी शतकानुशतके मान्य केलेले आहे. नियोजनकर्त्यांनी आणि देवस्थानाच्या व्यवस्थापनाने हेच तत्त्व पठारावरील संख्येला, घाटातील वाहनांना आणि पायऱ्यांवरील दाटीला लावले, तर ते परंपरेबाहेरून लादलेले बंधन वाटणार नाही. त्यासाठी समाजशास्त्र, भूगोल, अभियांत्रिकी आणि धर्मेतिहास या विद्याशाखांनी एकत्रितपणे यात्रांचा अभ्यास करणे आवश्यक आहे. उत्तर महाराष्ट्रातील महाविद्यालयांना हे अभ्यासक्षेत्र अगदी दाराशी उपलब्ध आहे. यात्रेच्या वाटेवरील गावे पुष्कळदा त्यांच्याच विद्यार्थ्यांची गावे असतात.